माधवराव सप्रे : अध्यापनाकडून लोकजागृतीकडे



वैनगंगेच्या खोऱ्यातील बालाघाट जिल्हा इंग्रजी अमदानीत मध्य प्रांताच्या नागपूर विभागात मोडत असे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा शेजारचा भंडारा मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला. सीमा बदलल्या, तरी या भागातील मराठी आणि हिंदी यांचा शेजार मात्र तुटला नाही. याच शेजाराने देशाला माधवराव सप्रे यांच्यासारखा संपादक दिला. जे आपला नेहमीचा पेशा सोडून लोकहिताच्या लेखनाकडे वळू इच्छितात, त्यांनी त्यांचे चरित्र अवश्य अभ्यासावे.

माधवरावांचा जन्म १८७१ साली दमोह जिल्ह्यातील पथरिया या गावी एका मराठी कुटुंबात झाला. पदवी संपादन केल्यावर सरकारी नोकरीचा मार्ग त्यांना मोकळा होता. तो त्यांनी स्वीकारला नाही. पेंड्रा येथील जमीनदारीच्या राजकुमाराला शिकविण्याचे काम त्यांनी पत्करले आणि त्या मिळकतीच्या आधारावर जानेवारी १९०० मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. रामराव चिंचोलकर हे त्यांचे सहसंपादक, तर वामन बळीराम लाखे हे प्रकाशक होते. तिघेही मराठी, वाचक मात्र हिंदी. ज्या लोकांसाठी लिहावयाचे, त्यांच्याच भाषेत लिहिले पाहिजे, हे त्यांनी प्रथमपासून जाणले होते. तो काळ दुष्काळाचा होता. पेंड्र्यासारख्या आडगावातून मासिक चालविणे हे साहसच होते. आर्थिक अडचणींमुळे तीन वर्षांत ते बंद पडले.

या मासिकात १९०१ साली माधवरावांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा प्रसिद्ध झाली. हिंदीतील आरंभीच्या लघुकथांत तिची गणना होते. एका जमीनदाराला आपल्या वाड्याचे आवार वाढविण्यासाठी गरीब विधवेच्या झोपडीची जागा हवी असते. वकिलांच्या साहाय्याने तो ती मिळवितो. चुलीसाठी आपल्या झोपडीतील टोपलीभर माती नेण्याची परवानगी ती मागते, आणि भरलेली टोपली उचलण्यास त्यालाच विनंती करते. टोपली त्याला उचलत नाही. एका टोपलीचा भार पेलत नाही, तर साऱ्या जमिनीचा भार जन्मभर कसा पेलणार, या तिच्या प्रश्नाने तो खजील होतो आणि झोपडी परत करतो. जमीनदारीच्या आश्रयाने उपजीविका करणाऱ्या शिक्षकाने ही कथा लिहिली, हे विशेष होय. तीत आकडेवारी नाही, उपदेशही नाही. तरीही जमिनीचा प्रश्न वाचकाच्या अंतःकरणाला भिडतो.

पुढे १९०७ साली नागपुराहून त्यांनी ‘हिंदी केसरी’ काढला आणि लोकमान्य टिळकांचे विचार हिंदी वाचकांपर्यंत पोहोचविले. ऑगस्ट १९०८ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली. आप्तस्वकीयांच्या आग्रहापुढे नमून त्यांनी माफीपत्र दिले व त्यांची सुटका झाली. या घटनेचे शल्य त्यांच्या मनात खोल रुतले. काही काळ त्यांनी विरक्त वृत्तीने, भिक्षेवर निर्वाह केला. परंतु लेखणी त्यांनी टाकली नाही. समर्थांचा ‘दासबोध’ आणि टिळकांचा ‘गीतारहस्य’ हे ग्रंथ त्यांनी हिंदीत आणले. १९२० साली जबलपूरहून निघालेल्या ‘कर्मवीर’ या पत्राच्या स्थापनेत पुढाकार घेऊन त्याचे संपादकपद त्यांनी माखनलाल चतुर्वेदी यांच्याकडे सोपविले. १९२६ साली रायपूर येथे त्यांचे निधन झाले.

या चरित्राचा बालाघाटशी संबंध काय, असा प्रश्न कोणी विचारील. या जिल्ह्यात भरवेलीची मँगनीजची खाण आहे, मलाजखंडची तांब्याची खाण आहे, कान्ह्याच्या अरण्यालगत बैगा आणि गोंड यांची वस्ती आहे. खाण, वन आणि जमीन यांविषयीचे निर्णय कागदावर उमटतात. त्यांचे परिणाम मात्र एखाद्या कुटुंबाच्या चुलीपाशी दिसतात. प्रसिद्धीपत्रक योजनेची रक्कम सांगते. ती रक्कम त्या चुलीपर्यंत पोहोचली की नाही, हे पाहण्यासाठी गावात जावे लागते, तेथील बोली ऐकावी लागते आणि ऐकलेले पडताळून घ्यावे लागते.

शिक्षक, ग्रामसेवक, प्रसिद्धी कर्मचारी यांना लोकांशी बोलण्याचा अनुभव असतोच. पत्रकारितेकडे वळताना तो वाया जात नाही. मात्र, आजवर त्यांनी लोकांना सांगितले. यापुढे लोकांचे म्हणणे त्यांनी अधिकाऱ्यांच्या कानी घालावयाचे आहे. माधवरावांनी या मार्गाचा आरंभ एका आडगावातून केला. बालाघाटच्या तरुण लेखकांनाही त्यासाठी राजधानीत जाण्याची आवश्यकता नाही.