हवेचा हिशेब



आपल्या घरांतील काही मुलेमुली महाविद्यालयात शर्यतीची मोटार बांधतात. त्यांची रात्र संगणकापुढे जाते आणि वडीलमंडळी त्यास खेळ समजतात. तो खेळ नव्हे. ‘फॉर्म्युला स्टुडंट’ स्पर्धेत पेट्रोल इंजिनाने सारी हवा 20 मिलिमीटर व्यासाच्या गळ्यातूनच घ्यावी, असा नियम आहे. तेथे हवेने ध्वनीचा वेग गाठला की, इंजिन कितीही ओढो, सेकंदास सुमारे 74 ग्रॅमांहून अधिक हवा मिळत नाही. मग हाती उरते ते एवढेच: हवापेटी केवढी करावी, नळ्या किती लांब ठेवाव्या. नळीतील दाबलहर झडप मिटण्याच्या सुमारास परतली, तर सिलिंडर अधिक भरतो. ‘वेव्ह’, ‘जीटी-पॉवर’ यांसारख्या आज्ञावल्या हे गणित नळी कापण्यापूर्वीच मांडून दाखवितात. परंतु झडपेची उचल व ज्वलनाचा वेग अंदाजाने भरला, तर पडद्यावरील अश्वशक्तीही अंदाजाचीच! इंजिन एकदा तरी डायनामोमीटरवर चढवून आकडे ताडून पाहिलेच पाहिजेत. त्याचे भाडे मुलांस जड जाते. आपला शिक्षणनिधी पुस्तकांस साह्य देतो. या भाड्यासही ते मिळावे, अशी आमची सभेस विनंती आहे.