मोबाईलच्या पडद्यावरील पेढी

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या व्यापारी मेळाव्यातील भाषण)



पन्नास वर्षांची वाटचाल पूर्ण करणाऱ्या संस्थेने भूतकाळाचे स्मरण करावे हे उचितच आहे. परंतु विश्वस्तांनी मला पुढच्या काळाविषयी, म्हणजे मोबाईलवरून होणाऱ्या व्यापाराविषयी बोलण्याची आज्ञा केली. ती मी आनंदाने शिरोधार्य मानतो.

आपली भूमी व्यापाराला नवखी नाही. सातवाहनांच्या काळात कोकणातील बंदरांवर उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नरच्या बाजारपेठेत येत असे. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीसाठी होता, असे परंपरा सांगते. जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेखांत धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने दिलेल्या दानाची नोंद आहे. यवन दात्यांचीही नावे आहेत. दान हा त्यांचा धर्म होता, पण त्यामुळे ये-जा करणाऱ्या प्रत्येकाला त्या श्रेणीचे नाव आणि तिची पत समजत होती, हेही तितकेच खरे. चारचौघांत नाव चांगले असणे हे व्यापाऱ्याचे भांडवल आहे, ही जाण या मातीत सुमारे दोन हजार वर्षांची आहे.

आता आजचा प्रश्न पाहू. पुणे-नाशिक महामार्ग पूर्वी आपल्या गावांच्या भर बाजारातून जात असे. दुकानाची पाटी वाचून मोटार थांबे आणि गिऱ्हाईक पायरी चढे. मंचर, नारायणगाव येथे बाह्यवळण रस्ते झाले. वाहतुकीची कोंडी सुटली, हे चांगलेच झाले. पण वाटेवरचे गिऱ्हाईक दुकानापासून दूर गेले. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर आणि भीमाशंकरकडे जाणारा प्रवासी आज गावातील पाटी पाहत नाही, हातातील नकाशा पाहतो. त्या नकाशावर जे दुकान नाही, ते त्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. दुसरीकडे पुण्यात शिकून तेथेच स्थिरावलेली आपली मुले विचारतात, 'गावातल्या दुकानात आता काय राहिले आहे?' या प्रश्नाचे उत्तर आपल्याला द्यावयाचे आहे.

हा बदल किती वेगाने झाला ते पाहा. 2016 साली यूपीआय सुरू झाले, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओची सेवा आली आणि नोव्हेंबरमध्ये नोटाबंदी झाली. ज्या घरांत संगणक कधीच आला नाही, त्या घरांत इंटरनेट थेट मोबाईलवर आले. ऑगस्ट 2025 या एकाच महिन्यात देशात यूपीआयवर दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. 2020 च्या टाळेबंदीत किराणा मालाची यादी व्हॉट्सॲपवर पाठवावयास गृहिणी शिकल्या आणि ती सवय पुढेही टिकली.

मग आपण काय करावे? मी चारच गोष्टी सांगतो.

पहिली, गूगलच्या नकाशावर आपल्या दुकानाची नोंद करावी. तिला पैसे पडत नाहीत. नाव पाटीवर आहे तेच द्यावे, खूण नेमक्या दारावर टाकावी, वेळ आणि सुट्टीचा वार खरा लिहावा, दुकानाची स्वच्छ छायाचित्रे लावावीत. पर्युषणात दुकान बंद राहणार असेल, तर तेही तेथे नोंदवावे. दुकान उघडे आहे असे वाचून दहा किलोमीटर आलेला माणूस बंद दार पाहून परतला, तर तो पुन्हा येत नाही.

दुसरी, व्हॉट्सॲपच्या व्यापारी आवृत्तीत मालाची चित्रे, वजन आणि किंमत मांडून ठेवता येते. त्याचा लाभ घ्यावा. मात्र दररोज सकाळी शुभेच्छांची चित्रे पाठवून लोकांना त्रस्त करू नये. एकाच वेळी अनेकांना पाठविलेला संदेश ज्यांनी आपला क्रमांक जतन केला आहे त्यांनाच पोचतो. अर्थात, आधी ओळख, मग जाहिरात, हा जुना क्रम येथेही चुकत नाही.

तिसरी, मराठीत लिहावे. 2017 पासून गूगलवर मराठीत बोलून शोधता येते. शेतकरी टंकलेखन न करता 'ठिबकचे सामान कुठे मिळेल' असे बोलूनच विचारतो. आपली माहिती त्याच्याच शब्दांत असली, तर ती त्याला सापडण्याची शक्यता वाढते.

चौथी, आणि आपल्या समाजाला सांगण्याची खरे तर गरज नसलेली गोष्ट म्हणजे हिशेब. समजा, जाहिरातीवर हजार रुपये खर्च केले, चाळीस जणांनी विचारणा केली आणि आठ जणांनी माल घेतला. एका गिऱ्हाइकामागे सव्वाशे रुपये पडले. त्या विक्रीत नफा नव्वद रुपयांचा असेल, तर प्रत्येकी पस्तीस रुपये तोटा झाला. तेच गिऱ्हाईक पुन्हा आले तर जाहिरात फळली, नाही तर बुडाली. म्हणून प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला 'आमचे नाव कोठून समजले?' एवढे विचारावे आणि वहीत टिपावे. 'लाईक' किती मिळाले याची नोंद रोजमेळात होत नाही.

आडत व्यापाऱ्यांसाठी थोडे वेगळे सांगतो. जुलै 2023 मध्ये नारायणगावच्या बाजारात वीस किलो टोमॅटोच्या क्रेटचा भाव दोन हजार रुपयांच्या आसपास गेला आणि पुढच्या काही आठवड्यांतच कोसळला. तेजी आणि मंदी, दोन्हींची वार्ता शेतकऱ्याला बांधावरच मोबाईलवर कळली. भाव ठाऊक असणे हे आता एकट्या व्यापाऱ्याचे सामर्थ्य राहिलेले नाही. त्याच्याकडे उरले आहे ते चोख वजन, योग्य प्रतवारी आणि वेळेवर चुकती होणारी पट्टी. ज्याची ही तीन कामे नीट आहेत, त्याची कीर्ती शेतकऱ्यांच्या गटांतून आपोआप पसरते. ज्याची नाहीत, त्याचीही पसरते.

येथे आपल्या श्रावकाचाराची आठवण होते. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अणुव्रतांचे अतिचार सांगितले आहेत. त्यांत खोटा लेख करणे आहे, गुप्त गोष्ट उघड करणे आहे, मापात कमी-अधिक करणे आणि अस्सलाच्या जागी नक्कल देणेही आहे. पैसे देऊन लिहवून घेतलेले खोटे अभिप्राय हा खोटा लेख नव्हे काय? गिऱ्हाइकांचे मोबाईल क्रमांक दुसऱ्याला विकणे म्हणजे विश्वासाने सांगितलेली गोष्ट उघड करणे नव्हे काय? कायदाही आता याच दिशेने आला आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. 2023 साली वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदाही संसदेने संमत केला.

दोन सावधगिरीच्या सूचना देतो. पैसे स्वीकारण्यासाठी पिन द्यावा लागत नाही. जो पिन मागतो तो ठग समजावा. फसवणूक झालीच, तर 1930 या क्रमांकावर त्वरित कळवावे. दुसरे, सारा व्यापार एकाच कंपनीच्या पानावर सोपवू नये. 29 जून 2020 रोजी टिकटॉकवर बंदी आली आणि ज्यांची सारी प्रसिद्धी तेथेच होती, त्यांची ती एका दिवसात नाहीशी झाली. नावे, गावे आणि क्रमांक असलेली गिऱ्हाइकांची वही, त्यांच्या संमतीने, आपल्यापाशी असावी.

पश्चिमेच्या डोंगराळ गावांत आजही सर्वत्र मोबाईलची रेंज मिळत नाही. हिरडा गोळा करून आणणारा आदिवासी बांधव समोर बसूनच सौदा करतो. त्याच्याशी बोलण्याची आपली रीत सोडू नका.

ट्रस्टला माझी नम्र विनंती आहे. या वर्षात प्रत्येक गावातील दोन तरुणांनी वडीलधाऱ्यांच्या दुकानांची नकाशावरील नोंद करून द्यावी, आणि वडीलधाऱ्यांनी त्या तरुणांना नामे-जमा शिकवावे. दोघांनाही एकमेकांची गरज आहे. मुले विचारतात त्या प्रश्नाचे उत्तर कदाचित त्या शेजारी बसण्यातूनच मिळेल.