समोरच्या तारेचं प्लॅटिनम



एक ग्रॅम प्लॅटिनम म्हणजे ज्वारीचा एक टपोरा दाणा. त्याचा पृष्ठभाग एक चौरस सेंटिमीटरही भरत नाही. तोच दाणा ३ नॅनोमीटरच्या कणांमध्ये वाटला, तर पृष्ठभाग हिशेबाने ९० चौरस मीटरच्या आसपास जातो. एखाद्या ऐसपैस घराएवढा! प्लॅटिनमसारख्या उत्प्रेरकाचं काम चालतं ते पृष्ठभागावर. पोटातले अणू नुसते बसून राहतात. म्हणून उत्प्रेरकांवर काम करणाऱ्या माझ्या पिढीचं निम्मं आयुष्य कण बारीक करण्यात गेलं.

विल्यम ग्रोव्हने १८३९च्या सुमारास हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून वीज काढली, ती प्लॅटिनमवर. २०२२च्या ऑगस्टमध्ये पुण्यात केपीआयटी आणि सीएसआयआर यांची हायड्रोजनच्या इंधनघटावर, म्हणजे फ्युएल सेलवर, धावणारी बस लोकांसमोर आली. मध्ये पावणेदोनशेहून अधिक वर्षं गेली, पण अशा इंधनघटांना प्लॅटिनम अजून लागतंच. ते महाग आहे आणि बरंचसं एकट्या दक्षिण आफ्रिकेतून येतं. त्याला पर्याय शोधणं हे मला आजही फार मोलाचं काम वाटतं.

आम्हीही तेच करत होतो, फक्त हायड्रोजन बनवण्याच्या टोकाला. कोबाल्ट फॉस्फाइडचे कण लावलेला इलेक्ट्रोड आम्लात बुडवायचा, समोर दुसरा इलेक्ट्रोड ठेवायचा आणि वीज देऊन त्या कणांवर हायड्रोजन काढायचा. पहिल्या दिवशी आकडे साधारण आले. दुसऱ्या दिवशी सुधारले. पाचव्या दिवशी बुडबुड्यांनी इलेक्ट्रोड पांढरा दिसू लागला आणि आम्ही पेपरचा मसुदा लिहायला घेतला. एक विद्यार्थिनी मात्र गप्प होती. ती म्हणाली, “सर, वापरून वापरून कण झिजतात, एकमेकांना चिकटतात. आपले रोज चांगले कसे होतायत?”

तिने समोरच्या इलेक्ट्रोडची प्लॅटिनमची तार काढून तिथे ग्रॅफाइटची कांडी लावली, नवा नमुना घेतला आणि पाच दिवस पुन्हा मोजलं. आकडे पहिल्या दिवसाच्या वर गेलेच नाहीत. तारेतलं प्लॅटिनम आम्लात विरघळून थोडं थोडं आमच्या कणांवर येऊन बसत होतं. प्लॅटिनमला पर्याय म्हणून आम्ही जे मिरवणार होतो, ते प्लॅटिनमच होतं.

मसुदा त्याच दिवशी बाजूला ठेवला. राग आला नाही असं म्हणणार नाही. दोन वर्षांची मेहनत होती. पण तो छापून गेला असता, तर कुठल्यातरी दुसऱ्या प्रयोगशाळेतल्या मुलांची आणखी दोन वर्षं त्यामागे गेली असती. त्या मुलीने विचारलेला प्रश्न विचारायचं काम खरं तर माझं होतं.

आज पदवी घेतलेल्या तुम्हा विद्यार्थ्यांपैकी काही जण उद्या या कामात याल, यावंच अशी माझी मनापासून इच्छा आहे. ज्या संध्याकाळी हाती फार चांगला आकडा येईल, त्या संध्याकाळी घरी फोन करण्याआधी समोरचा इलेक्ट्रोड एकदा बदलून पाहा.