देवळाच्या पायाखालची माती



मणिबेलीचे शूलपाणेश्वराचे जुने देऊळ सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेले. डोळ्यांना दिसणाऱ्या पाण्याचा धाक या गावाला सांगावा लागत नाही. परंतु सरोवर १३८.६८ मीटरपर्यंत भरले, की काठच्या जमिनीच्या पोटातही पाणी चढते.

अशा ओल्या, सैल वाळूला भूकंपाचा हादरा बसला, तर कणांचा एकमेकांस असलेला आधार सुटतो व जमीन पातळ चिखलासारखी होते. जपानात निगाता येथे १९६४ साली पक्क्या इमारती अशाच कलंडल्या. २००१ साली कच्छच्या रणात जमिनीतून वाळू व पाणी उसळले. नर्मदाखोऱ्यातही १९७० साली भडोचला व १९९७ साली जबलपूरला भूकंप झाले.

यास्तव पायाभरणीपूर्वी माती तपासावी. भोक पाडून त्यात नळी ठोकतात. ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटीमीटरवरून सोडतात. पहिले १५ सेंटीमीटर सोडून पुढील ३० सेंटीमीटरचे ठोके मोजतात. ठोके थोडे, तर माती सैल. मग पाया खडकापर्यंत न्यावा, माती घट्ट करावी, नाहीतर जागा बदलावी.

कळसाची देणगी सर्वांना दिसते, माती-तपासणीची दिसत नाही. तरी मोलमजुरीच्या पैशाचे देऊळ तिच्याच भरवशावर उभे राहते.