संगीतश्रवण आणि आपले हृदय

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



कार्यकारी मंडळाने मला हा विषय दिला तेव्हा प्रथम संकोच वाटला. मी वैद्य नव्हे. गवई तर नव्हेच. मॅट्रिक होऊन शाळेत शिरलो आणि मुलांना पाढे व कविता शिकविण्यात आयुष्य गेले. परंतु कविता संथ चालीवर म्हटली की वर्ग निवतो आणि घाईने म्हटली की तोच वर्ग उधळतो, एवढा अनुभव मात्र पदरी आहे. शिवाय रक्तदाबाची गोळी घेणारे कोणी नाही असे घर आज आपल्या ज्ञातीत क्वचितच सापडेल. तेव्हा हा विषय निव्वळ करमणुकीचा नाही.

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. ठोक्याचा उगम तेथे होतो. त्याला मोकळे सोडले तर तो मिनिटास सुमारे १०० ठोके देईल. परंतु मेंदूतून निघणारी व्हेगस नावाची मज्जा त्याला लगाम घालते, म्हणून स्वस्थ बसलेल्या माणसाची नाडी बहुधा सत्तरीच्या आसपास राहते. भय, संताप, घाई यांच्या वेळी दुसऱ्या मज्जा टाच मारतात. श्वास आत घेताना लगाम किंचित सैल होतो, सोडताना आवळतो. स्वस्थ बसून मनगट धरले तर कित्येकांना, विशेषतः तरुणांना, हा फरक बोटांनाही कळतो. संगीत हृदयापर्यंत पोहोचते त्यांतील एक मोठी वाट ही श्वासाची आहे.

इटलीतील पाव्हिया येथील डॉ. लुचिआनो बेर्नार्दी व त्यांचे सहकारी यांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. २४ जणांना, त्यांत निम्मे वादनाचे शिक्षण घेतलेले व निम्मे न घेतलेले, सहा तऱ्हांचे संगीत ऐकविले. पाश्चात्य अभिजात संगीताबरोबर आपले रागसंगीतही त्यांत होते. लय जलद झाली की श्वास, नाडी व रक्तदाब चढत. संथ झाली की उतरत. ज्याला जे संगीत आवडे त्याने ह्या चढउतारात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. म्हणजे नाडी लयीला ओळखते, आवडीनिवडीला फारशी विचारीत नाही. आणखी एक गोष्ट त्यांत निघाली, ती मला सर्वांत मोलाची वाटते. मध्येच दोन मिनिटे संगीत थांबविले, तेव्हा नाडी व रक्तदाब आरंभीच्या पातळीहूनही खाली आले. गाण्यानंतरची ती निःशब्दता गाण्याहून अधिक विश्रांती देऊन गेली!

त्याच डॉक्टरांनी २००१ साली जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि एक बौद्ध मंत्र म्हणविले होते. दोहोंनीही श्वास मिनिटास सुमारे सहांवर आला आणि रक्तदाब सावरणारी शरीरातील यंत्रणा अधिक तत्पर झाली. दोन धर्म, दोन भाषा, पण श्वासाची लांबी एकच. हे वाचताना मला पहाटेच्या जात्यावरील ओव्या आठवल्या.

आता थोडे कडू बोलतो. अमक्या रागाने रक्तदाब उतरतो, तमक्याने हृदयविकार बरा होतो, अशी कोष्टके आजकाल भ्रमणध्वनीवर घरोघर फिरतात. त्यांवर विसंबून गोळ्या बंद करणारे गृहस्थ आपल्यातच आहेत. त्यांची नावे घेत नाही. ते येथे बसले आहेत. हृद्‌रोग्यांवरील २६ चाचण्या, एकंदर १,३६९ रुग्ण, यांचा एकत्र आढावा २०१३ साली निघाला. संगीताने नाडी व रक्तदाब थोडे उतरतात, झटका येऊन गेलेल्या रुग्णाची धास्ती कमी होते, आणि रुग्णाने स्वतः निवडलेले संगीत असेल तर धास्ती अधिक उतरते, असे त्यांत आढळले. तोही पुरावा फार भक्कम नाही, असे आढावा घेणाऱ्यांनीच म्हटले आहे. तेव्हा आजाऱ्याच्या उशाशी त्याच्या आवडीचे भजन खुशाल लावावे. गोळी मात्र वेळेवर द्यावी.

आणि आपल्या वराती! शासनाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी वस्तीत ध्वनीची मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल आहे. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास, सणासुदीची मोजकी सवलत सोडता, बंदीच आहे. आपल्या वरातीतील भिंतीएवढे कर्णे ही मर्यादा पहिल्याच ठोक्याला ओलांडतात. कर्कश आवाजाने शरीरात भयाचे द्रव स्रवतात, रक्तवाहिन्या आवळतात. मुलीचे आजोबा छातीवर हात ठेवून मांडवामागे जाऊन बसतात आणि आपण त्याला समारंभ म्हणतो. मंडळाने पुढील सर्वसाधारण सभेत सनई-चौघड्यावर भागविण्याचा ठराव आणावा, अशी माझी सूचना आहे. वरपक्ष रुसेल ही सबब मला मान्य नाही, कारण वरपक्षही आपलाच आहे.

यानंतर आपल्या महिला शाखेच्या भगिनी भजन म्हणणार आहेत. चिटणीसांना एवढीच विनंती, की भजन संपताच आभारप्रदर्शनासाठी ध्वनिक्षेपक हाती घेऊ नये. टाळ्याही थोड्या उशिरा वाजवू. दोन मिनिटे सर्वांनी उगाच बसावे. ज्यांना इच्छा असेल त्यांनी स्वतःचे मनगट धरून पाहावे.