हरणाची साद आणि माळावरचे आमिष

विणीच्या हंगामात नर हरणाच्या गळ्यातून जो आवाज निघतो, तो एकाच वेळी मादीला बोलावणे, प्रतिस्पर्ध्याला दटावणे आणि स्वतःच्या ताकदीची ग्वाही देणे अशी तीन कामे करतो. हाच आवाज हुबेहूब काढून हरणाला टप्प्यात आणण्याची शिकारीची रीत उत्तर अमेरिकेत आज सर्रास दिसते, दख्खनच्या माळांवर मात्र ती रुजली नाही, आणि या फरकाचा उलगडा माणसाच्या कौशल्यापेक्षा भूमीच्या ठेवणीतून अधिक नीट होतो.

अमेरिकेतील पांढऱ्या शेपटीचे हरीण दाट झाडीत राहते. नोव्हेंबरच्या सुमारास माजावर आलेला नर मादीच्या मागे लागताना खालच्या पट्टीतले तुटक हुंकार काढतो, आणि शिकारी हेच हुंकार एका नळीतून काढतात; नळीत बसवलेली पातळ पाती फुंकरीने थरथरते आणि तिची लांबी कमीजास्त केली की कोवळ्या किंवा जून नराचा आवाज उमटतो. आपल्या हद्दीत दुसरा नर मादीच्या मागे लागला आहे, अशा समजुतीने तेथला नर चाल करून येतो, परंतु तो सरळ येत नाही, वाऱ्याच्या खालच्या अंगाने वळसा घेतो आणि कानाने ऐकलेल्याची नाकाने खात्री करून घेतो. म्हणून वाऱ्याचे भान नसलेल्या शिकाऱ्याची नळी कितीही उत्तम असली तरी व्यर्थ ठरते.

हा आवाज पोकळ फुशारकीचा नसतो. स्कॉटलंडमधील रम बेटावरील तांबड्या हरणांच्या अभ्यासातून, 1979 साली क्लटन-ब्रॉक आणि अल्बन यांनी असे दाखवले की नर आधी डरकाळ्यांनी एकमेकांना जोखतात आणि बरोबरीचे ठरले तरच शिंगाला शिंग भिडवतात. दीर्घकाळ डरकाळ्या देत राहणे थकलेल्या नराला झेपत नाही, त्यामुळे हा संकेत सहसा खोटा पडत नाही, आणि ज्या संकेतावर विश्वास ठेवणे हरणाच्या हिताचे असते, त्याच विश्वासावर शिकाऱ्याची नक्कल उभी असते.

सांगली, सातारा आणि कोल्हापूरच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेतल्या उघड्या माळांवर पारध होई ती मुख्यतः काळविटाची. काळवीट खऱ्या हरणांपैकी नव्हे, तर कुरंगवर्गातील प्राणी आहे. त्याची शिंगे पिळदार असतात, त्यांना फाटे फुटत नाहीत आणि सांबर-चितळांप्रमाणे ती दरवर्षी गळतही नाहीत. नर हद्द राखताना आखूड हुंकार काढतो खरा, परंतु त्याचे मुख्य शस्त्र दिसण्यात आहे: मान मागे टाकून नाक वर करणे, कान पाडणे, शेपूट पाठीवर वळवणे आणि डोळ्यांखालच्या गंधग्रंथी उघड्या ठेवून ठाय चालीने पुढे येणे. जेथे दुरूनच सगळे दिसते, तेथे नुसत्या आवाजाने फसवणूक साधत नाही, कारण आवाजाच्या दिशेला हरीण दिसले नाही की संशय येतोच.

म्हणून या देशात आमिष म्हणून जिवंत नरच वापरला गेला. माणसाळवलेल्या नराच्या शिंगांना जाळे बांधून त्याला रानातल्या कळपाकडे सोडण्याची रीत ‘ऐन-ए-अकबरी’त वर्णिलेली आहे; कळपाचा धनी परक्यावर तुटून पडतो आणि शिंगे जाळ्यात गुंतली की अडकतो. फासेपारध्यांनी फासांच्या दोरीची रांग जमिनीलगत मांडून आणि शिकवलेल्या गुराच्या आडोशाने सरकत जाऊन हेच साधले. या समाजाचे प्राण्यांविषयीचे ज्ञान हे या भूमीवरील उच्च प्रतीचे निसर्गज्ञान होते, आणि 1871 पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांखाली अनेक पारधी गटांवर गुन्हेगारीचा शिक्का बसल्यामुळे ते ज्ञान आदराने नोंदवले गेले नाही, ही मोठीच हानी होय.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीच्या व्याख्येत मारण्याबरोबरच पकडणे, फास लावणे, हाकारणे, आमिष दाखवणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे यांचाही समावेश केला आहे. तेव्हा आवाज काढून हरीण फाशाकडे किंवा बंदुकीच्या टप्प्यात ओढणारा माणूस गोळी न झाडताही कायद्याच्या कक्षेत येतो.

कुपवाडच्या श्रोत्यांना हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही, कारण याच सांगली जिल्ह्यात धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून उघड्या बोडक्या डोंगरावर सागरेश्वर अभयारण्य उभे राहिले आणि तेथे सांबर, चितळ व काळवीट आणून सोडण्यात आले. अवघ्या अकरा चौरस किलोमीटरांच्या आसपास असलेल्या आणि कुंपणाने बांधलेल्या या रानात चितळाच्या नराची कर्कश साद ऐकू येते. माजाच्या दिवसांत नर चरणे कमी करून ताकद खर्चत असतो. अशा वेळी दर्शनाच्या हौसेने मोबाईलवर ध्वनिमुद्रित साद वाजवणे म्हणजे नसलेल्या प्रतिस्पर्ध्यामागे त्याला पळवणे होय, आणि त्याला दूर निघून जाण्याइतकी जागाही तेथे नाही, म्हणून अशी साद वाजवण्यावरील बंदी फलकावर येण्याची वाट न पाहता अभ्यागतांनी आपणहून पाळावी.