कार्डावर हेल्पर, हात मशीनवर

(ग्रामसंघाच्या फेब्रुवारी 2025 च्या मासिक बैठकीत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं हे बोलणं. कामावरून सुट्टी न मिळाल्यामुळे ज्या ताया त्या दिवशी येऊ शकल्या नाहीत, त्यांच्यासाठी मुद्दाम इथे देत आहोत.)



आज मी बचतीवर बोलणार नाही, कर्जाच्या हप्त्यावरही नाही. तुमच्यासमोर गटाचं दप्तर आहे ना, ते जरा उघडा. शेवटच्या ठरावाखाली अध्यक्ष आणि सचिवांचा गोल शिक्का आहे. बाजूला बँकेचं पासबुक आहे, त्याला प्लास्टिकचं कव्हर आहे. हा शिक्का आणि हे कव्हर कुठे बनत असेल?

सातपूर, अंबडच्या गाळ्यांमध्ये अशी कामं चालतात. एका गाळ्यात रबरी शिक्के, दुसऱ्यात विनाइलचे स्टिकर, तिसऱ्यात फाइल, पाकिटं, पासबुकाची कव्हरं. एकेका गाळ्यात सहा, आठ, नऊ माणसं. त्यात निम्म्याहून जास्त बाया, आणि त्यातल्या काही आपल्याच गटांतल्या. सकाळी डबा घेऊन शेअर रिक्षात बसणाऱ्या.

या बायांना मी विचारते, "ताई, तुमचं काम काय?" उत्तर ठरलेलं असतं: "काही नाही हो, पॅकिंगला असते. हेल्पर आहे." मग मी विचारते, "दिवसभरात कशाकशाला हात लावता?" तेव्हा खरं बाहेर येतं. रबर भाजायचा गरम प्रेस. विनाइल जोडायचं सीलिंग मशीन. डाय लावून कापणारं पंचिंग मशीन. लॅमिनेशनचा रोलर. म्हणजे कार्डावर हेल्पर आणि हात मात्र मशीनवर.

आता एका ताईंची गोष्ट सांगते. नाव सांगणार नाही, गावही नाही. त्यांना विचारूनच सांगते आहे. वय 35, हातात येणारा पगार महिन्याला 10,000 रुपये. त्यातले 6,000 पावतीवर, बाकीचे 4,000 रोख. एका दुपारी पंचिंगवरचा मुलगा आला नाही. "तेवढी ऑर्डर काढून द्या," म्हणून ताईंना मशीनवर बसवलं. तासाभरात मधल्या बोटाचं वरचं पेर गेलं.

दवाखान्यात नेताना गाडीतच त्यांना सांगितलं गेलं, "डॉक्टरने विचारलं तर घरी विळीवर कापलं म्हणा, नाहीतर पोलिसांची भानगड होईल." ताई घाबरलेल्या. त्यांनी तसंच सांगितलं आणि केसपेपरवर तसंच लिहिलं गेलं. दवाखान्याचं बिल भरलं, वर 5,000 रुपये दिले आणि एका कागदावर सही घेतली: मला काही मागायचं नाही.

मला हे कळलं तीन महिन्यांनी. त्या बैठकीला येत होत्या, हात पदराखाली झाकून बसत होत्या. मी दर महिन्याला त्यांची हजेरी लिहीत होते आणि मला दिसलं नाही. ही माझी चूक आहे, आणि म्हणूनच आज बोलते आहे.

कायदा काय म्हणतो ते सोपं करून सांगते. दोन दरवाजे आहेत.

पहिला दरवाजा ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विमा. कारखान्यात दहा किंवा जास्त माणसं असतील आणि तुमचा पगार महिना 21,000 पर्यंत असेल तर तो लागू होतो. पगारातून 0.75 टक्के कापतात, मालक 3.25 टक्के भरतो. कामावर इजा झाली तर किती महिने वर्गणी भरली हे पाहत नाहीत, पहिल्या दिवसापासून हक्क असतो. बरं होईपर्यंत पगाराच्या 90 टक्के दराने पैसे मिळतात. कायमचं अपंगत्व आलं तर त्याच्या प्रमाणात दर महिन्याला मिळत राहतात.

दुसरा दरवाजा नुकसानभरपाईच्या कायद्याचा. गाळ्यात नऊच माणसं आहेत, ईएसआय लागू नाही, तर हा कायदा आहे. "आमचा लहान धंदा, आम्हाला काही लागू नाही," असं जे सांगतात ते खरं नाही. विजेवर मशीन चालवून माल बनवणारा गाळा यात येतो. 2009 च्या दुरुस्तीने ऑफिसात लिखापढी करणाऱ्यांनाही यात घेतलं. तुम्ही ठेकेदाराकडून गेला असाल तर ज्याच्या धंद्याचं काम करता त्या मूळ मालकाकडेही भरपाई मागता येते.

भरपाई कशी मोजतात? कोणतं बोट, किती पेरं, याचा तक्ताच कायद्यात आहे. अंगठा गेला तर 30 टक्के. पहिलं बोट पूर्ण गेलं तर 14, मधलं पूर्ण गेलं तर 12. मधल्या बोटाचं एक पेर, 7 टक्के. मग पगाराचे 60 टक्के घ्यायचे आणि वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायचं. 35 वर्षांना तो आकडा 197.06 आहे.

आपण ताईंचा हिशेब मांडू. पगार 10,000 धरला तर 6,000 गुणिले 197.06, त्याचे 7 टक्के: साधारण 82,765 रुपये. पावतीवरचा 6,000 पगारच धरला तर 49,659. नुसत्या पावतीतल्या आकड्याने 33,000 चा फरक पडला. आणि ताईंच्या हातात किती पडले? 5,000. दवाखान्याच्या बिलाचे उपकार मानत होत्या बिचाऱ्या. कामावरच्या इजेचा औषधोपचाराचा खर्च देणं कायद्यानेच मालकावर आहे, आणि तो भरपाईतून कापायचा नसतो.

"मग कार्डावर हेल्पर लिहिलंय म्हणून हक्क जातो का?" नाही. कायदा खरं काम बघतो. हेल्परही कामगारच आहे. पण अडचण दुसरीकडे येते. मालक विमा काढतो तेव्हा कंपनी त्याला विचारते, कोणत्या कामावर किती माणसं, पगार किती. पॅकिंगला धोका कमी म्हणून हप्ता कमी, मशीनला जास्त. हप्ता वाचवायला चौघींना पॅकिंगमध्ये दाखवलं आणि मशीनवर बसवलं, की अपघातानंतर विमा कंपनी हात वर करते. मालक म्हणतो, मी तिला बसायला सांगितलंच नव्हतं. आणि खरं काय ते सिद्ध करायचं ओझं येतं पट्टी बांधलेल्या हातावर.

त्या सहीच्या कागदाला मात्र घाबरू नका. हक्क सोडून देणारा असा करार या कायद्यात रद्दच धरतात. ताईंचा दावा आता दाखल झाला आहे. निकाल लागलेला नाही. केसपेपरवरची "घरी विळी" आडवी येते आहे, आणि सोबत काम करणारी बाई साक्ष द्यायला तयार नाही. तिलाही काम टिकवायचं आहे, तिला दोष कसा देऊ?

काही जणी म्हणतील, आमचा तो वीस रुपयांचा विमा आहे ना. पंतप्रधान सुरक्षा विमा जरूर ठेवा. पण त्यात मृत्यू, किंवा हात, पाय, डोळा कायमचा निकामी झाला तरच पैसे मिळतात. बोटाच्या पेराला त्यात काही नाही.

आता आपल्या गटाची पंचसूत्री तुम्हाला पाठ आहे. तशीच ही कामावरची पंचसूत्री पाठ करा.

एक, लिहा. घरच्या वहीत तारीख, कोणत्या मशीनवर बसले, कोणी सांगितलं, किती पैसे मिळाले. रोख मिळाले तेही. गटाचा हिशेब पैशापैशाने लिहिणाऱ्या आपण, स्वतःचं कामच तेवढं लिहीत नाही.

दोन, विचारा. कामावर घेताना नुकसानभरपाईचे हक्क लेखी कळवणं 2017 पासून मालकाला बंधनकारक आहे, तुम्हाला समजणाऱ्या भाषेत. मराठीत मागा. ईएसआय कापत असतील तर कार्डाचा नंबर मागा.

तीन, मशीनचं गार्ड काढू नका. घाईत आपणच काढलं तर मालक तेच कारण पुढे करतो. आधीच काढलेलं असेल तर फोनवर मेसेज करून कळवा, मेसेज पुरावा राहतो.

चार, डॉक्टरला खरं सांगा. कुठे, केव्हा, कोणत्या मशीनवर. हे एक वाक्य पुढे वकिलाच्या दहा वाक्यांइतकं कामाला येतं.

पाच, गप्प बसू नका. मालकाला लगेच लेखी कळवा. दावा दोन वर्षांच्या आत करायचा असतो. बाईला मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, एकटीने नको, सीआरपी ताईंना किंवा मला सोबत घ्या.

ज्या ताया गाळ्यातला माल घरी आणून काम करतात, कापलेल्या विनाइलमधला नको तो भाग चिमट्याने उपटतात, त्यांचं जरा अवघड आहे. तिथे मालक म्हणतो, ही माझी कामगारच नाही. म्हणून दिलेला माल, परत नेलेला माल आणि मिळालेले पैसे यांची वही तर तुम्ही ठेवाच.

शेवटची गोष्ट थोडी कडू आहे. उद्या आपलाच गट शिक्के, स्टिकर किंवा रेक्झिनच्या पिशव्यांचं युनिट टाकेल. कर्ज मंजूर होईल, मशीन येईल, गावातल्या दोन मुली पगारावर ठेवू. त्या दिवशी मालक कोण? आपण. मुलीचं बोट गेलं तर भरपाई आपल्याला द्यायची आहे, एका महिन्यात, उशीर झाला तर 12 टक्के व्याजाने. म्हणून व्यवसाय आराखड्यात मशीन, कच्चा माल, वीजबिल यांच्या खाली आणखी एक ओळ घाला: कामगारांचा विमा. आणि विमा काढताना मुली जे काम खरंच करणार आहेत तेच लिहा. आपल्या ताईंशी जे झालं ते आपल्या हातून कुणाशी होऊ नये.

संसदेने 2020 मध्ये सामाजिक सुरक्षा संहिता मंजूर केली आहे. तिच्यात कलमांचे नंबर बदलले आहेत. वही लिहायची आणि डॉक्टरला खरं सांगायचं, हे तिच्यातही करावंच लागतं.

पुढच्या बैठकीला येताना ज्या कामाला जातात त्यांनी आपलं हजेरी कार्ड आणि पगाराची पावती आणा. आपण एकेकीचं वाचू. कार्डावर काय लिहिलंय आणि हात कुठे असतात, हे दोन रकाने करून मी वहीत उतरवून घेणार आहे. यावेळी हजेरी घेताना मी हातांकडेही बघणार आहे.